दोर घ्या

नकाशा जरा इकडे सरकव. हां, हीच ती खाच. दोन डोंगरांच्या बगलेत शिरलेली. आत गेलं की पाणी ताटात ओतल्यासारखं सपाट. तुम्हाला आवडणारच. वाऱ्याला आडोसा आहे, नांगर धरायला तळ चांगला आहे, आपल्या सगळ्या बोटी एका ओळीत आरामात मावतील. यंदाच्या सहलीचा मुक्काम इथेच करायचा म्हणताय ना? करा बापडे. क्लब आता तुम्हा पोरांच्या हातात आहे, अडवणारा मी कोण? फक्त एक ऐकून घ्या, आणि मग तिथे पेन्सिलीने गोल करायचा की नाही ते ठरवा. आणि ते दार लोटून घे रे, गारठा पडलाय.

आपले चष्मेवाले तुम्ही पाहिलेत. चौकातल्या दुकानात भिंगं घासत बसलेले असतात, ते. आता ते क्लबात फिरकत नाहीत, पण एके काळी धक्क्यावर पहिला पाय त्यांचा पडायचा. बोट त्यांची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीची, दोघांच्यात मिळून. बायको पाण्याला घाबरायची, त्यामुळे सुकाणूवर हे आणि हुकूम सोडायला ताई. ताई नर्स. उभा जन्म ऑपरेशन थिएटरात गेलेला. सर्जनलासुद्धा गप्प बसवणारी बाई. भाऊ साठीला टेकला तरी तिच्या तोंडी तो छोट्याच.

तीन वर्षांमागे शनिवार-रविवारची सहल आखायचं काम चष्मेवाल्यांकडे आलं. आदल्या वर्षीची सहल म्हणजे नुसता सावळा गोंधळ झाला होता. कुणी इथे नांगर टाकला, कुणी तिथे. बेकरीवाल्याने रात्रभर गाणी लावली, त्यावरून भांडण झालं आणि सकाळी निम्मे लोक न सांगता घरी गेले. चष्मेवाल्यांच्या ते फार मनाला लागलं. घरी तीच कथा होती. दोन मुलगे, दोघंही दूर देशी, फोनवर चार शब्द बोलणारे. सगळे एकत्र असावेत, एका जागी असावेत, याचा त्या माणसाला ध्यासच लागला होता म्हणा ना. त्यांनी ठरवलं, यंदा बोटीला बोट बांधायची. सगळ्यांची मिळून एक ओळ. पोरांनी या बोटीवरून त्या बोटीवर उड्या मारत जावं, जेवायला एकच पंगत, आणि सकाळपर्यंत कुणी हलायचं नाही.

"आणि रात्री वारा सुटला म्हणजे?" ताईंनी विचारलं.

"म्हणून तर आडोशाची जागा शोधतोय."

"माणसांना जरा मोकळं सोड रे छोट्या. इतकं घट्ट धरलंस तर येणारसुद्धा नाहीत."

"तू नुसती खोड काढ."

तर ही खाच प्रत्यक्ष पाहून यावी म्हणून दोघं निघाले. सप्टेंबरातला तिसरा शुक्रवार होता. दुकान दुपारीच बंद केलं. उन्हं कलता कलता आत शिरले. पाण्याची खोली मोजली, चार पुरुष भरली. फोनला रेंज नव्हती, तेवढं एकच वाईट. चष्मेवाले जाम खूश. मधोमध नांगर टाकला, ताईंनी सूप गरम केलं, पावाच्या जाड जाड फोडी केल्या आणि खाताना पुन्हा तोच वाद झाला. शेवटी ताई म्हणाल्या, "तुझी सहल, तू बघ," आणि केबिनमध्ये जाऊन आडव्या झाल्या.

चष्मेवाले बाहेरच बसून राहिले. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवायचा होता. डोंगर काळे, पाणी काळं, दोन्हींच्या मधली रेघसुद्धा दिसत नव्हती. वारा औषधालाही नव्हता. कुणाची बोट कुणाच्या शेजारी बांधायची याचा ते मनातल्या मनात हिशेब मांडत होते. बेकरीवाला एका टोकाला, दातांची डॉक्टरीण दुसऱ्या टोकाला, म्हणजे तिचा कुत्रा आणि त्याची गाणी यांच्यात अंतर राहील. स्वतःशीच हसले.

साडेअकरा वाजून गेले असतील. त्यांना एक आवाज आला.

दोन बोटी शेजारी शेजारी लागल्या की त्यांच्या मधल्या फटीत पाणी कसं वाजतं, ठाऊक आहे ना? लपक... लपक... जीभ टाळ्याला लावल्यासारखं. तो आवाज. पण ना इंजिन वाजलं होतं, ना वल्हं.

मग अंधारातून कुणी तरी म्हणालं,

"दोर घ्या."

आणि दोर येऊन त्यांच्या मांडीवर पडला. ओला, जड दोर.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी तुम्ही काय कराल? पाण्यावर कुणी दोर टाकला तर आपण आधी तो घेतो, नाव-गाव मग विचारतो. चष्मेवाल्यांनीही तेच केलं. खुंटीला दोन वेढे मारले, गाठ घातली. पलीकडे एक काळी आकृती उभी होती. टोपी असावी डोक्यावर. तोंडावर टॉर्च मारणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी मारला नाही.

"उशीर झाला तुम्हाला," चष्मेवाले म्हणाले.

"हो. बराच."

"एकटेच?"

"नाही. सगळे आहेत. झोपलेत."

माणूस बोलायला सभ्य वाटला. चष्मेवाल्यांना तर कुणी तरी ऐकणारा हवाच होता. त्यांनी सहलीचं सगळं सांगितलं. कोण कोण येणार, किती बोटी, कशी ओळ करणार. तो ऐकत होता. मध्येच विचारायचा.

"बांधून राहणार ना? सगळे?"

"सगळे. एकीला एक."

"पोरं असतील?"

"असणारच. त्यांच्यासाठी तर खटाटोप."

"आमच्यातही पोरं होती," तो म्हणाला. "आम्हीही असेच बांधून राहिलो होतो. इथेच."

"मग कशी झाली होती सहल?"

फटीतलं पाणी वाजत होतं.

"रात्री वारा फिरला. बायका म्हणायला लागल्या, सोडा, आपापलं मोकळं होऊ. मी म्हटलं, कुणी सोडायचं नाही. एकमेकांना धरून राहिलं की काही होत नाही."

"बरोबर आहे," चष्मेवाले म्हणाले. "आणि मग?"

लपक... लपक...

"मग काय झालं?"

तेव्हा चष्मेवाल्यांच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. आपण जागचे उठलो की आपली बोट जराशी डुलते, पण शेजारची डुलत नाही. तिच्यावर दिवा नाही. एवढे सगळे झोपलेत म्हणतो, पण कुणी घोरत नाही, कूस बदलत नाही, पोर किरकिरत नाही. आणि दोर. दोर त्यांनी ढिला बांधला होता. आता तो ताणला गेला होता.

"तुमचा दोर ओढ घेतोय," ते म्हणाले.

"असू दे."

आवाज खालून आला. मघाशी तो माणूस समोर, तोंडासमोर उभा होता. आता आवाज त्यांच्या गुडघ्याच्या पातळीवरून येत होता.

"बसलात का खाली?"

"सोडू नका," आवाज म्हणाला. आणखी खालून. पाण्याला टेकून.

"अहो..."

"कुणी... सोडायचं... नाही..."

शेवटचा शब्द बुडबुड्यांतून आला.

आत केबिनमध्ये काही तरी खळकन फुटलं. टेबलावरचा पाण्याचा ग्लास घसरून पडला होता. ताई उठून बाहेर आल्या. "कुणाशी बोलतोयस रे? आणि बोट अशी तिरकी का झालीय?"

ताईंनी टॉर्च लावला.

शेजारी बोट नव्हती. कुठेच नव्हती. उजेड जाईल तिथवर नुसतं पाणी. आणि खुंटीला बांधलेला तो दोर... सरळ खाली गेला होता. ओळंबा सोडल्यासारखा. काठीसारखा ताठ.

बोटीची ती कड हळूहळू पाण्याकडे झुकत होती.

"सोड तो दोर!"

चष्मेवाले हलले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी दोर धरून ठेवला होता. कधी धरला, त्यांनाही माहीत नाही. ताई नंतर सांगायच्या, तोंडाने पुटपुटत होता... कुणी सोडायचं नाही, कुणी सोडायचं नाही...

ताईंनी फाडकन त्यांच्या मुस्काटात मारली. हात सुटले. पण गाठ सुटेना. ताणाने ती दगड झाली होती. ताई आत धावल्या, पावाची सुरी घेऊन आल्या. घासायला लागल्या. एक धागा तुटला. दुसरा तुटला. दोर ओला, जुना, आतून शेवाळलेला. सुरी घसरत होती.

पाणी कडेला लागलं.

मग आत आलं. गार. पावलांवर.

ताई घासत होत्या. रडत नव्हत्या, ओरडत नव्हत्या. नुसता श्वास ऐकू येत होता. घोट्यापर्यंत पाणी...

आणि बोट उचलली गेली.

लाट नव्हती. वारा नव्हता. थोडीशीच, वीतभर. पुष्कळांनी मिळून पालखी उचलावी तशी एकसारखी वर आली. दोर क्षणभर ढिला पडला. ताईंनी त्याच क्षणी सुरी ओढली.

दोर तुटला. सळ्ळकन पाण्यात गेला.

नंतर काहीच नाही. एवढी शांतता, की कानात शीळ वाजावी.

ताईंनी नांगर उचलला, इंजिन चालू केलं, सुकाणू स्वतः धरलं. भावाला पायाशी बसवलं होतं, लहान मुलाला बसवावं तसं. खाचेतून बाहेर पडेपर्यंत दोघांतल्या एकानेही मागे वळून पाहिलं नाही. उजाडता उजाडता धक्क्याला लागले. त्या वेळी दोर घ्यायला मीच धक्क्यावर होतो. चष्मेवाल्यांनी दोर माझ्याकडे टाकला नाही. हातात घेऊन स्वतः खाली उतरले, स्वतः बांधला, आणि तिथेच फळ्यांवर बसून हमसून हमसून रडले. मला वाटलं, घरी काही बरंवाईट झालं. पुष्कळ दिवसांनी ताईंनी मला हे सगळं सांगितलं.

सहल झाली की. पण मुक्काम दुसऱ्याच जागी, त्या उघड्या वाळूच्या पट्ट्याजवळ. प्रत्येकाचा नांगर वेगळा आणि दोन बोटींत हाकेचं अंतर. लोकांनी तोंडं वाकडी केली. बेकरीवाला म्हणाला, "ही कसली सहल? मीठ मागायचं तर घसा बसतोय!" त्या रात्री वारा खरंच फिरला. डॉक्टरणीच्या बोटीचा नांगर घसरला, ती अंधारात पार दूर वाहत गेली, पण वाटेत कुणी नव्हतं म्हणून कुणाला लागली नाही. सकाळी सगळे होते. सगळ्यांनी मिळून वाळूत चहा केला. चष्मेवाले एकेकाच्या तोंडाकडे बघत फिरत होते. ताई म्हणाल्या, "बस आता छोट्या, चहा पी. आहेत सगळे."

त्या वर्षाअखेर रंग द्यायला म्हणून त्यांची बोट क्रेनने वर काढली. मी तिथे होतो. पट्ट्यांना लटकलेली बोट, खालून पाणी निथळतंय. बुडाला हिरवंगार शेवाळ धरलं होतं, मखमलीसारखं. ते धुवायला पोऱ्या पाइप घेऊन पुढे झाला आणि थबकला. ताई वाकून बोटीखाली गेल्या. त्यांच्या मागोमाग मी गेलो.

शेवाळात पंजे उमटले होते. तिथलं शेवाळ निघून खालचा पांढरा रंग दिसत होता. एक-दोन नव्हेत. कण्याच्या दोन्ही बाजूंना, पार मध्यापर्यंत, जिथे बोट पाण्यात असताना कुणाचा हात पोचायचं कारण नाही. कडेला एकही नव्हता. सगळे बुडाला, सपाट टेकलेले, बोटं फाकलेली.

ताईंनी आपला हात उलटा केला, तळवा आभाळाकडे, आणि डोक्यावर काही तोलून धरावं तसा वर नेला. टेकवला नाही. तसाच थोडा वेळ धरला. मग एका ठशापाशी त्यांची नजर थांबली. मीही पाहिलं.

बायकांचे हात होते, माझी खात्री आहे. बरेचसे बायकांचे. आणि त्यांच्या मधे मधे लहान. एक तर इतका लहान, की त्या पोराने दोन्ही तळवे शेजारी शेजारी लावले होते.