मऊ पडलेल्या कडक भाकऱ्या

भाकरी मोडलीच नाही. काव्याच्या आईने, सिद्धेश्वरीने, ती दोन्ही हातांनी वाकवली, तर ती नुसती वाकली आणि तशीच राहिली. कडक भाकरी म्हणजे कट्कन तुटायला हवी. हॉटेलातून परत आलेल्या दोन्ही खोक्यांतल्या सगळ्या भाकऱ्या अशाच मऊ झाल्या होत्या.

मे महिन्याची सुट्टी लागली होती. तुळजापूर करून अक्कलकोटला जाणाऱ्या गाड्या सोलापूरबाहेरच्या एका हॉटेलावर हमखास थांबत. माणसं तिथून घरी न्यायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेत. हा माल घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सिद्धेश्वरी बनवायची. वर्षाची निम्मी विक्री या सुट्टीतच व्हायची. आणि आता हॉटेलचे मॅनेजर वीरभद्रप्पा यांनी निरोप धाडला होता की, शनिवारपर्यंत माल सुधारला नाही तर दुसरीकडून घेऊ.

सिद्धेश्वरीचा राग रुक्सानावर निघाला. रुक्साना नऊ वर्षं तिच्याकडे भाकऱ्या करत होती.

"सीझनच्या घाईत तू भाकऱ्या कच्च्या काढतेस, रुक्साना. दोन दिवस घरी राहा. मी करते."

"ताई, मी काय आज पहिल्यांदा तव्यासमोर बसले का?" एवढंच रुक्साना म्हणाली. तिने हात धुतले, ओढणी सारखी केली आणि चहा न घेताच निघून गेली.

तिचा मुलगा गुफरान दारातच उभा होता. तो काव्याच्या वर्गात होता, दोघंही आठवीत जाणार होते. संध्याकाळी तो काव्याबरोबर कडुनिंबाखाली बसला. अम्मी जेवली नाही, असं त्याने सांगितलं.

काव्याचा मावसभाऊ श्रीशैल दुधनीहून सुट्टीला आला होता. अकरा वर्षांचा होता आणि दिवसभर काहीतरी खात असायचा. तोही तिथेच बसून बराच वेळ चुळबुळ करत होता. शेवटी उठून घरात गेला आणि कपड्यांची पिशवी घेऊन आला. तिच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार भाकऱ्या होत्या.

"गावी न्यायला ठेवल्यात. मावशीला सांगू नको की, अक्का."

"कधीच्या आहेत?" काव्याने विचारलं.

"सोमवारच्या."

आज गुरुवार होता. काव्याने एक भाकरी घेतली आणि नुसती दाबली. कट्! तिचे चार तुकडे झाले. हॉटेलातून परत आलेली खोकीही सोमवारचीच होती. रुक्सानाने एकाच तव्यावर भाजलेल्या भाकऱ्या इथे चार दिवस कडक होत्या आणि तिथे मऊ पडत होत्या.

"म्हणजे भाकरी भाजण्यात खोट नाही," गुफरान सावकाश म्हणाला. "वाटेत नाहीतर हॉटेलात काहीतरी होतंय."

आईला लगेच सांगावं असं श्रीशैलला वाटत होतं. काव्याने त्याला थांबवलं. काय होतंय हे कळल्याशिवाय आई कुणाशी भांडणार?

शुक्रवारी सकाळी माल महबूबचाचांच्या रिक्षातून निघाला. त्या दिवशीच्या भाकऱ्या सिद्धेश्वरीने पहाटे उठून स्वतः भाजल्या होत्या. चाचांना मदत करतो असं सांगून तिघं मागे बसले. बरोबर काव्याने स्टीलचा एक डबा घेतला आणि त्यात त्याच भाकऱ्यांतल्या सहा ठेवल्या. गुफरानने रिक्षाची ताडपत्री, बूड, कोपरे सगळं हात फिरवून पाहिलं. सगळीकडे कोरडं होतं. हॉटेलाशी उतरल्यावर त्यांनी खोक्यातली एक भाकरी मोडून पाहिली. ती छान तुटली.

भाकऱ्या खोक्यात सुट्याच असायच्या. हॉटेलवाले त्या आत ठेवून घेत आणि लागतील तशा आपल्या पिशव्यांत भरून विकत. वीरभद्रप्पांनी खोकी मागच्या खोलीत ठेवून घेतली आणि मुलांना दारातूनच परतवलं. चाचांना आणखी एक फेरी होती. ते दुपारी बारापर्यंत परत येणार होते. तिघं चिंचेच्या सावलीत डबा मांडीवर घेऊन बसले.

साडेअकराला आजच्या खोक्यातल्या भाकऱ्या गल्ल्यावर आल्यावर काव्याने त्यांची एक पिशवी विकत घेतली. बाहेर येऊन त्यांनी ती उघडली. भाकरी वाकली. डब्यातली मात्र कट्कन मोडली.

"मावशीनं भाजलेली पण मऊ पडली," श्रीशैल म्हणाला. "आता त्या खोलीत काय हाय ते बघाय पायजे."

तो सरळ वीरभद्रप्पांकडे गेला आणि कन्नडमध्ये प्यायला पाणी मागितलं. एवढ्या उन्हात आपल्या भाषेत बोलणारं पोर पाहून मॅनेजर विरघळले. कुठल्या गावचा, कुणाचा, अशी चौकशी करून त्यांनी त्याला मागच्या खोलीतल्या माठाकडे पाठवलं.

पाच मिनिटांनी श्रीशैल बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. आत मोठा कूलर होता. खिडकीत बसवलेला, पाण्याने भरलेला. त्याचा गार ओलसर वारा सरळ मांडणीवर येत होता आणि मांडणीवर भाकऱ्यांची खोकी झाकण उघडं ठेवून लावली होती. समोर वीरभद्रप्पांची दुपारी झोपायची खाट होती.

तेवढ्यात हॉटेलचे मालक बसलिंगप्पा जेवायला आले. काव्या डबा घेऊन त्यांच्या टेबलाशी गेली.

"अण्णा, आमच्या भाकऱ्या तुमच्या कूलरमुळे मऊ पडतात. अर्धा तास द्या, दाखवते."

वीरभद्रप्पा चिडले. गार जागेत माल चांगला टिकतो म्हणून आपण मुद्दाम खोकी तिथे ठेवली, असं त्यांनी सांगितलं. यंदाचा उन्हाळा कडक, म्हणून पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी हा कूलर आणला होता. भाकऱ्यांच्या तक्रारीही पंधरा दिवसांपासूनच होत्या. हे बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं.

बसलिंगप्पांनी डब्यातली एक भाकरी कूलरसमोर ठेवायला लावली आणि शांतपणे जेवण आटोपलं. मग ती मागवली. त्यांनी ती हातात घेऊन वाकवली. तुटली नाही. डब्यातली दुसरी घेतली. तिचा आवाज शेजारच्या टेबलापर्यंत गेला.

"वीरभद्रप्पा, खोकी पुढच्या खोलीत हलवा. झाकणं लावून," ते म्हणाले. मग काव्याकडे वळले. "आईला सांग, ऑर्डर चालूच आहे. आणि पोरांनो, शाब्बास. आमच्या इतक्या माणसांत हे कुणाला सुचलं नाही."

वीरभद्रप्पांनी तिघांना लस्सी दिली आणि श्रीशैलच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी मुलांनी सिद्धेश्वरीला सगळं सांगितलं. मुलांचं कौतुकसुद्धा तिने लगेच केलं नाही. पदराला हात पुसून ती उठली आणि मुलांना घेऊन दोन गल्ल्या ओलांडून रुक्सानाच्या दारात गेली.

"रुक्साना, आजच्या भाकऱ्या मी भाजल्या होत्या. त्याही मऊ पडल्या. चूक तुझी नव्हती. मी न तपासता बोलले, ते लई वाईट केलं."

रुक्साना उंबऱ्यात उभी होती. तिने आधी गुफरानकडे पाहिलं, मग काव्याकडे. तिचे डोळे भरून आले होते.

"आत या ताई," ती म्हणाली. "चहा टाकते. काल तसाच राहिला."

सिद्धेश्वरी चटईवर बसली. तिने तिन्ही मुलांना जवळ ओढलं. आपण मोठी माणसं चिडत बसलो आणि पोरांनी मात्र शोधून काढलं, असं ती रुक्सानाला सांगू लागली. रुक्साना चुलीपाशी बसून ऐकत होती आणि मधूनच मुलाकडे बघून हसत होती.

"उद्या किती करायच्या?" तिने कप पुढे करत विचारलं.

"चारशे," काव्याची आई म्हणाली. "शनिवार आहे, गर्दी असेल."

"मग पहाटे पाचला येते."