खालची दिवेलागण

आश्विनातल्या अमावास्येच्या सकाळी नचिकेत सेनगावच्या बाजारात जाडं मीठ आणि कोळसा घ्यायला आला होता. दोन्ही पोती जीपमध्ये टाकताना दुकानदार पुनमचंद मिश्कीलपणे म्हणाले, "दिवाळीला लोक साखर नेऊन राहिले, साहेब, अन् तुमी मीठ?" नचिकेतचा स्वभाव विनोदाला विनोदाने उत्तर देण्याचा नव्हता. त्याने नीट समजावून सांगितले की विजेच्या यंत्राची एक तार जमिनीत पुरावी लागते, तिच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा भरला की चुकून गळालेली वीज माणसाला न लागता मातीत मुरते. पुनमचंदांनी मान डोलावली आणि बत्ताशांची एक पुडी त्याच्या हातात ठेवली. ही मातीसाठी नाही, तुमच्यासाठी, असे ते म्हणाले.

नचिकेत हिंगोलीचा. त्याच्या घराण्याकडे एका जुन्या देवळाची पूजा होती. तो मात्र भौतिकशास्त्रात एम. एस्सी. करून तेलाचा शोध घेणाऱ्या एका कंपनीत कंत्राटावर लागला होता. कंपनीने सेनगावच्या उत्तरेला, वाशीमच्या शिवेजवळच्या ओसाड माळावर काळा पाषाण खोल खोल भेदून एक विहीर पाडली होती. तेल लागले नाही. थोडा वायू तेवढा लागला. उंच मनोरा सोडवून माणसे निघून गेली आणि मागे राहिले ते कमरेएवढ्या झडपांचे एक लोखंडी डोके, त्याभोवती तारेचे कुंपण, एक केबिन आणि वायूचा दाब किती महिने टिकतो हे मोजणारी उपकरणे. एवढ्या आडबाजूला डिझेल आणणे परवडणारे नव्हते, म्हणून विहिरीच्याच वायूवर चालणारे एक इंजिन तिथे बसवले होते. विहीर स्वतःच्या श्वासावर वीज तयार करी आणि त्या विजेवर तिचीच नाडी मोजली जाई. नचिकेतला या रचनेत पहिल्या दिवसापासून काहीतरी पवित्र वाटत आले होते. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते.

हाकेच्या अंतरावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. सरकारी खांब तिथवर पोचलेच नव्हते. इंजिनाची निम्मी वीज वाया जात होती, म्हणून नचिकेतने वरिष्ठांच्या मागे लागून तांड्यावर एक तार नेली आणि दर घराला एक दिवा दिला. पहिल्या संध्याकाळी दिवे लागले तेव्हा पहारेकरी गुलाबसिंग, जो त्याच तांड्यातला वडीलधारा होता, बराच वेळ नुसता आपल्या अंगणातल्या सावलीकडे पाहत राहिला होता. या मातीत एवढी काळीभोर सावली आपण कधी पाहिली नव्हती, असे तो म्हणाला.

पण गेल्या महिन्यापासून इंजिन सांजेला कण्हू लागले होते. दिवे तेवढेच होते, आणि भार मात्र रोज थोडा थोडा वाढत होता. हिंगोलीहून देखरेखीला येणारे अमृतराव धनत्रयोदशीला येऊन भाराचा काटा पाहून गेले. त्यांच्या मते उत्तर सरळ होते: तांड्यात कुणीतरी चोरून शेगड्या लावल्या आहेत. पाडव्याला परत येईन, तोवर चोरी सापडली नाही तर तांड्याची तार कापायची, असे त्यांनी गुलाबसिंगच्या देखतच बजावले. जीप गेल्यावर गुलाबसिंग एवढेच म्हणाला होता, "पिढ्यान् पिढ्या आमी लोकांचं धान्य बैलावर लादून नेलं, साहेब. वाटेत मूठभर बी कमी झालं न्हाई."

म्हणून आदल्या संध्याकाळी नचिकेतने एक प्रयोग केला होता. ऐन दिवेलागणीला त्याने तांड्याकडे जाणारा मुख्य स्विचच खाली ओढला. सगळा तांडा काळोखात बुडाला. शेगड्या असत्याच, तर आता काटा खाली यायला हवा होता. काटा किंचित हलला आणि तिथेच राहिला. इंजिन कण्हतच होते. नचिकेतने उपकरणांच्या तारा एकेक करून तपासल्या. कुठेच दोष नव्हता. शेवटी, केवळ काही उरू नये म्हणून, त्याने चिमट्याच्या आकाराचा मीटर अर्थिंगच्या तारेभोवती धरला. ही तार विहिरीच्या पोलादी नळीला बांधलेली होती. एरवी तिच्यातून काहीच वाहू नये. मीटरचे आकडे मात्र भरभर चढत गेले.

सगळी जादा वीज नळीवाटे खाली जात होती.

गळती म्हणजे गळती. ती दिवसरात्र सारखीच राहायला हवी, एवढे भौतिकशास्त्र त्याला येत होते. पण महिनाभराच्या भाराच्या नोंदी सांगत होत्या की ही वीज दिवसा नसे. सूर्य टेकला की ती थोडी थोडी चढे, जणू एका घरात दिवा लागला, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. आणि गावे झोपण्याच्या सुमाराला तशीच एकेक पायरी उतरे. नचिकेत त्या आकड्यांकडे पाहत उकिडवा बसून राहिला होता. त्याला भीती वाटली नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात लहानपणी पहिल्यांदा एकट्याने पाऊल टाकताना जे वाटले होते, तसे काहीतरी वाटले होते.

तरीही तो सावध मुलगा होता. न समजलेल्या गोष्टीपुढे हात जोडण्याआधी तिचा उपाय करून पाहावा, असे त्याला शिकवलेले होते. आणि पाडवा आता एका दिवसावर आला होता. मीठ-कोळसा घेऊन तो माळावर परतला, कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला नवा खड्डा खोदून त्यात दुसरी तार पुरली आणि सूर्य टेकून भार चढू लागताच विहिरीच्या नळीवरची जुनी तार सोडवली. इंजिनाने सुस्कारा टाकावा तसा आवाज केला आणि ते हलके झाले. काटा थेट तांड्याच्या हिशेबाला येऊन थांबला. तांडा निर्दोष ठरला होता, तारही वाचली होती. नचिकेतने बत्तासा तोंडात टाकला.

सूर्य पुरता बुडाला तेव्हा वायूचा दाब पडू लागला.

आधी त्याला वाटले दाबमापक बिघडला. त्याने झडपा तपासल्या. त्या उघड्याच होत्या. दाबाचा काटा शांतपणे, जराही न थरथरता, शून्याकडे येत गेला. इंजिन खोकले, पुन्हा खोकले, आणि थांबले. महिनोन् महिने जो आवाज ऐकू येत आहे हेही कळेनासे झाले होते, तो थांबल्यावर माळावर अशी शांतता पसरली की आपल्या कानांत रक्त वाहते आहे हे नचिकेतला ऐकू आले. वायूला एरवी सडक्या अंड्यासारखा एक बारीक वास असे. तोही नव्हता. त्याऐवजी तिथे थंड, जुन्या धुळीचा वास होता. जसा फार दिवस बंद असलेल्या घराचे दार उघडताना येतो. तिकडे तांड्यातले दिवे विझले होते.

गुलाबसिंग अंधारातून चालत आला. तो रागावला नव्हता. त्याने एवढेच विचारले, की आज तुम्ही काय केले. नचिकेतने सगळे सांगितले. तार, खड्डा, आकडे, आणि कालची ती पायरी पायरीने चढणारी वीजसुद्धा. त्याला वाटले, म्हातारा हसेल.

गुलाबसिंग कुंपणाचा खांब धरून उभा राहिला. "आज काळी अमावस हाय, साहेब," तो हळू म्हणाला. "आज आमच्या पोरी दिवा घेऊन दारोदार जातेत. भांडण असू द्या, वैर असू द्या... आज कुणाचं दार सोडत न्हाईत. अन् तुमी आजच्याच दिवशी कुणाचा तरी दिवा काढून घेतला."

"काका, खाली कुणी नाही. खाली दगड आहे."

"व्हय. दगडच असंल." त्याने सोडवलेल्या तारेकडे बोट दाखवले. "मग बांधा की परत. दगडाला काय तकलीफ व्हणार हाय?"

या युक्तिवादात नचिकेतला चूक सापडली नाही. त्याने विजेरीच्या उजेडात तार पुन्हा नळीला आवळली. काहीच झाले नाही. होण्यासारखे काही नव्हतेच. इंजिन बंद, वीज कुठून येणार? उद्या अमृतराव येतील, बंद पडलेले इंजिन पाहतील, आणि तार कापण्याचेही कारण उरणार नाही. तांड्याचा उजेड त्याने स्वतःच्या हाताने घालवला होता.

तेवढ्यात तांड्याकडून दिव्यांची एक रांग निघालेली दिसली. तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुली होत्या. सगळी दारे फिरून त्या आता माळावर येत होत्या. पुढे गुलाबसिंगची नात निलम होती. येत्या उन्हाळ्यात तिचे लग्न ठरले होते, म्हणजे तिची ही शेवटची फेरी. ती कुंपणाशी थांबली आणि तळहाताच्या आडोशाने ज्योत सांभाळत म्हणाली, "आत येऊ का, साहेब?"

कुंपणाच्या आत विस्तव नाही, हा नियम नचिकेतने आजवर कुणासाठीही मोडला नव्हता. तो त्याने आताही मोडला नाही. त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग तुमीच सांगा त्यायला," निलम म्हणाली, "आमी दारात उभ्या हाव म्हून."

कुणाला सांगायचे, हे त्याने विचारले नाही. तो मागे वळला, विहिरीच्या त्या लोखंडी डोक्यावर हात ठेवला, आणि स्वतःचाच आवाज परका वाटावा इतक्या हळू म्हणाला, "दारात मुली आल्यात..."

मुलींनी दिवे उंच धरले आणि आपल्या बोलीत, दर घरापुढे म्हणतात ते वर्षभराच्या सुखाचे मागणे म्हटले. त्यांचे सूर थांबल्यावर नचिकेतच्या तळहाताखालचे लोखंड कोमट झाले. त्याने मीटर तारेभोवती धरला. आकडे चढत होते. आणि वाहण्याची दिशा दाखवणारे चिन्ह उलटे झाले होते.

केबिनमधला दिवा लागला.

तो इंजिनाचा उजेड नव्हता. इंजिनाचा उजेड नेहमी थोडा थरथरे. हा स्थिर होता, दुधासारखा, आणि त्यात सावल्या पडत नव्हत्या. नचिकेत इंजिनापाशी गेला आणि त्याच्या चाकावर हात ठेवला. चाक थंड होते, स्तब्ध होते. त्याने हात तसाच ठेवला, कारण कुठेतरी हात टेकलेला असणे त्याला आवश्यक वाटले.

"साहेब..." गुलाबसिंग कुजबुजला. "तांडा बघा."

तांड्यात पहिल्या घराचा दिवा लागला होता. मग, एका दारातून दुसऱ्या दारापर्यंत चालत जायला लागावा तेवढा वेळ गेला, आणि दुसऱ्या घराचा लागला. मग तिसऱ्याचा. एकाच तारेवरचे दिवे असे लागत नाहीत. लागतात तर सगळे एकदम. हे दिवे कुणीतरी दारोदार जाऊन लावावेत तसे लागत होते, त्याच क्रमाने, ज्या क्रमाने निलम आणि तिच्या मैत्रिणी आज फिरल्या होत्या. नचिकेतने मुलींकडे पाहिले. त्या सगळ्या तिथेच, कुंपणाशी, श्वास रोखून उभ्या होत्या. शेवटच्या घरानंतर त्या उजेडाची वाट थांबली. तांडा असा लखलखत होता, जसा तो कुठल्याही विजेने कधी लखलखला नसता. गुलाबसिंगने डोक्यावरचे पागोटे काढून हातात घेतले होते.

मुलींच्या पणत्यांतले तेल संपेपर्यंत तो उजेड राहिला. मग आला तसाच, दारामागून दार, गेला. आणि मागोमाग वायूचा दाब चढला, तो ओळखीचा वास परत आला, नचिकेतने इंजिन सुरू केले, आणि तांड्यात नेहमीचे पिवळे, थरथरते, माणसांचे दिवे एकदम लागले. अर्थिंगच्या तारेत आता काहीही वाहत नव्हते.

पाडव्याला अमृतराव आले. काटा योग्य जागी होता. चोर कोण निघाला, असे त्यांनी विचारले. नचिकेतने शब्द जपून वापरले. चोरी झालेलीच नव्हती, तांड्यावर बोट ठेवण्याचे कारण नाही, आणि तांड्याची तार जोवर विहीर चालू आहे तोवर राहावी, हे मी माझ्या जबाबदारीवर सांगतो, असे तो म्हणाला. अमृतरावांनी काट्याकडे आणखी एकदा पाहिले, राहू द्या म्हणाले आणि निघून गेले.

ही बातमी द्यायला नचिकेत तांड्यावर गेला. गुलाबसिंगची बायको निर्मलाबाई ओट्यावर बसली होती. तिने त्याला गोड भात खाऊ घातला आणि तार राहणार हे ऐकून त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. मग सहज म्हणाली, की औंदा पोरी दोनदा कशा आल्या? दुसऱ्या खेपेच्या पोरी तिने ओळखल्या नाहीत. बोली तांड्याचीच होती, पण तिची आजी बोलायची तशी. अंगावर आरशांचे जुने भारी घागरे होते. "हातात दिवा व्हता, साहेब... पर आरशात काही दिवा दिसंना." उंबऱ्यापाशीच थांबल्या, मागणे म्हटले, आणि जाताना सांगून गेल्या, की आमी येऊन गेलो, आता पुढच्या काळ्या अमावसेला तुमच्या पोरींनी आमच्याकडं यायचं.

नचिकेतने हातातला घास परत ताटात ठेवला. दाराच्या चौकटीला टेकून निलम हे सगळे ऐकत होती. ती घाबरलेली दिसत नव्हती. बोलावणे आलेल्या घरी जायचे कसे, याचाच ती विचार करत असावी.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या विहिरीचं तोंड केवढं हाय?"

त्याने हाताची वीत पसरून दाखवली. मग, अचूक असावे म्हणून, अंगठा थोडा आत घेतला.

निलमने त्या बोटांमधल्या अंतराकडे बराच वेळ पाहिले.

"मग," ती हळूच म्हणाली, "त्या एवढ्या सगळ्या वर कशा आल्या...?"