कुरवांना फितवलं कोणी?

"मावशी, उजवीकडे! पक्षी!"

टकर ओरडला आणि नडीन मावशीनं सुकाणू वळवलं. धरणाच्या पाण्यावर धुकं होतं आणि थंडीनं तिघांची नाकं लाल झाली होती. तरी अकरा वर्षांचा टकर, त्याची मोठी बहीण मार्ली आणि शेजारचा बेतो असे तिघेही बोटीच्या टोकाशी दाटीवाटीनं उभे होते. समोर शे-दोनशे कुरव पक्षी कलकलाट करत घिरट्या घालत होते. हॅकबेरी जलाशयावरचं शेंबडं पोरही सांगेल की कुरव जिथं घिरट्या घालतात, तिथं खाली पांढरे बास मासे असतात. बास खालून चिमुकल्या शॅड माशांचा पाठलाग करतात, शॅड जीव घेऊन वर पळतात, आणि वर कुरव टपलेलेच असतात.

मावशीनं इंजिन लांबच बंद केलं. चौघांनी शिशाचे गळ तळापर्यंत सोडले, वर उचलले, पुन्हा सोडले. एकही मासा लागला नाही. पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या सोनार यंत्राचा पडदासुद्धा रिकामा होता.

"सलग तिसरी सकाळ," मावशी म्हणाली. ती हसली खरी, पण ते हसणं ओढूनताणून आणलेलं होतं.

त्याला कारणही तसंच होतं. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीतल्या शनिवारी गावच्या अग्निशमन दलाची मासळीची पंगत असे. यंदा मासे आणायचं काम मावशीनं अंगावर घेतलं होतं. आजोबांच्या मागं, लोकांना बोटीतून मासेमारीला नेणाऱ्या गाइडचा धंदा तिनं चालवायला घेतला, त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. धक्क्यावरची म्हातारी मंडळी अजून तिच्याकडं बघून माना हलवत. आणि काल दलाचे प्रमुख चीफ रॉयस सगळ्यांदेखत म्हणाले होते, की शनिवारी दहापर्यंत मासे आले नाहीत तर ते दुकानातली गोठवलेली मासळी आणतील. आज शनिवारच होता. धरणाकाठच्या गावात पंगतीला दुकानाची मासळी! मग नडीनच्या बोटीत पुन्हा कोण बसलं असतं?

मार्ली मात्र मघापासून पक्ष्यांकडं टक लावून बघत होती. कुरव नेहमीसारखे वरून सूर मारत नव्हते. ते पाण्यावर बसून एकमेकांच्या चोचीतलं ओढत होते, आणि आसपास एकही शॅड उडत नव्हता. तिनं बेतोला जाळी घालायला सांगितली. जाळीत एक पिवळट, भिजून फुगलेला गोळा आला. बेतोनं तो हुंगला.

"कांदा आहे यात. मक्याचं पीठ. मावशी, ही तर हशपपी आहे!"

"तळ्यात कोण भजी तळतंय?" टकरनं विचारलं.

पण ते गोळे येत होते कुठून? वारा दक्षिणेचा होता, म्हणजे गोळे दक्षिणेकडच्या, पाण्यात घुसलेल्या टेकाडापलीकडून वाहत आले असणार, असं मार्लीचं म्हणणं पडलं. मावशीला ते पटलं. तिनं आवाज न करणारी विजेची मोटर लावली आणि बोट हळूच टेकाडाला वळसा घालून गेली. पलीकडे एका छोट्या होडीत पाठमोरा बसलेला एक धिप्पाड गृहस्थ बादलीतून मुठी भरभरून काहीतरी पाण्यात उधळत होता. त्याच्या टोपीवर अग्निशमन दलाचं चिन्ह होतं.

"गुड मॉर्निंग, चीफ," मावशी शांतपणे म्हणाली.

चीफची होडी उलटायचीच बाकी राहिली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पंगतीत मासळीसोबत वाढायच्या हशपप्या चीफ स्वतः करणार होते आणि त्या काही केल्या जमत नव्हत्या. कधी दगडासारख्या व्हायच्या, कधी आतून कच्च्या राहायच्या. घरच्या कचऱ्यात टाकल्या तर बायको बघणार, म्हणून रोज पहाटे ते बादलीभर हशपप्या इथं आणून कुरवांना घालत होते. फुकटचं खायला मिळाल्यावर कुरव मासे कशाला शोधतील!

"म्हणजे माझे मासे तुम्हीच लपवलेत," मावशी म्हणाली.

चीफचा चेहरा पडला. "देवाशपथ नडीन, माझ्या डोक्यातच आलं नाही गं. अजून अर्धी बादली आहे. लांब नेऊन टाकू?"

"नको, सर," मार्ली म्हणाली. "झाकण लावा आणि त्यावर बसा."

गावभर हुकूम सोडणारे चीफ मुकाट्यानं बादलीवर बसले. कुरव त्यांच्या डोक्यावर जमले, किंचाळले, रुसले. एकानं तर टोपीवरच राग काढला. टकर हसून हसून बोटीत आडवा झाला. चीफ हलले नाहीत. अखेर कंटाळून एक कुरव निघाला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा थवा धरणात बुडालेल्या जुन्या रस्त्याच्या दिशेनं गेला. तिथं पोचताच पहिल्यानं पंख मिटून पाण्यात सूर मारला.

"हे खरं!" बेतो म्हणाला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला, ते कोणालाच कळलं नाही. गळ तळाला टेकायचा अवकाश, काठी वाकायची. मावशी एकाचा मासा सोडवतेय तोवर दुसऱ्याची हाक यायची. एक मोठा बास बेतोच्या हातून निसटून टकरच्या बुटात शिरला. माणशी ठरलेली मर्यादा भरली तशी मावशीनं काठ्या गुंडाळायला लावल्या. धक्क्यावर पोचले तेव्हा दहा वाजायचे होते. माना हलवणारी म्हातारी मंडळी बर्फाच्या पेट्या उचलायला स्वतःहून पुढं झाली.

संध्याकाळी अख्खा गाव पंगतीला लोटला. हशपप्या चीफच्या बायकोनं केल्या होत्या, त्यामुळं त्या छान झाल्या. रांगेतला जो तो मावशीला एकच विचारत होता, की एवढे मासे मिळाले कुठं? तेवढ्यात चीफ खुर्चीवर उभे राहिले. त्यांनी सकाळची सगळी हकिकत, बादलीसकट, काहीही न लपवता सांगितली. तिघा मुलांना पुढं बोलावून त्यांनी प्रत्येकाशी हात मिळवला, अगदी मोठ्या माणसाशी मिळवावा तसा.

"मासे कुठं आहेत ते नडीनला ठाऊक आहे, आणि ते तिनं तुम्हाला सांगावंच असं नाही," चीफ म्हणाले. "कुठं नाहीत ते मला विचारा. तिथं मी तीन दिवस बसलो होतो."

सगळा मंडप हसला. मावशी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. तिचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. तेवढ्यात धक्क्यावरचा सर्वांत म्हातारा गाइड आपली थाळी घेऊन तिच्या शेजारी बसला, आणि सोमवारी तिच्या बोटीत एक जागा रिकामी आहे का, असं त्यानं विचारलं.