इतिवृत्तात काय लिहू?

फेब्रुवारीतली बारीक भुरभुर चालू होती. जर्मनीतल्या फ्लेन्सबुर्गच्या टेकडीवरच्या बागमंडळाची चिटणीस विबके तामसेन पाकिटांचा गठ्ठा घेऊन एकेका फाटकाशी थांबत होती. ज्यांचा ईमेल नोंदलेला नव्हता, त्यांना सभेची नोटीस हाती द्यायची होती. सतरा नंबरच्या बागेत एक अनोळखी माणूस शिडीवर चढून सफरचंदाच्या फांद्या छाटत होता.

"नवे सभासद तुम्हीच ना? त्यार्क लोरेन्सन?"

"मीच. पण मला ईमेल आहे हो."

"तुम्ही तो कळवला नाहीत."

"चुकलंच." तो खाली उतरला. "तरी बरंच झालं म्हणा... नाहीतर तुम्ही कशाला आला असता?"

विबकेने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याने मात्र तिथेच पाकीट फोडलं आणि नोटीस दोनदा वाचली.

"सभा ऑनलाइन आहे, ठीक. पण आत कसं यायचं, मत कसं द्यायचं — ते कुठे आहे?"

"नंतर कळवणार होते."

"नोटिशीतच हवं. नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल, मला मत देताच आलं नाही. निवडणूक रद्द!"

निवडणूक रद्द होणं विबकेला परवडणारं नव्हतं. जुने अध्यक्ष नाताळात गाव सोडून गेले होते. मार्चअखेर भाड्याच्या जमिनीच्या नव्या करारावर रीतसर निवडलेल्या अध्यक्षाची सही झाली नाही, तर नगरपालिका तिथे गाड्यांचा तळ करणार होती. चाळीसेक बागा जाणार, त्यात तिच्या वडिलांनी लावलेली बागही.

"अठरा पाकिटं वाटून झालीत," ती म्हणाली.

"मग अठरा परत वाटू. मी येतो बरोबर."

नव्या नोटिसा छापून दोघं दुसऱ्या दिवशी निघाली. त्याने छत्री धरली, पण गठ्ठ्यावर.

"मी भिजतेय!"

"तुम्ही वाळाल. नोटिसा नाही वाळायच्या."

शिक्षकांच्या संघटनेत त्याने अशा सभा चालवल्या होत्या. तेव्हा निवडणूक अधिकारी तोच ठरला. पुढचे पंधरा दिवस दोघं रोज संध्याकाळी एकेका सभासदाला फोन करून ऑनलाइन मत द्यायला शिकवत होती. ब्रोडरसन नवरा-बायको एकाच संगणकापुढे बसायचे, आणि सरावात बाई दोघांचंही मत स्वतःच द्यायच्या.

"चाळीस वर्षं त्यांच्या वतीने मीच बोलते," ब्रोडरसनबाई म्हणाल्या.

"बोला की. पण मत ज्याचं त्याने द्यायचं. दोन माणसं, दोन संकेतांक, दोन संगणक," त्यार्क म्हणाला.

विबके हसू दाबायची. शेवटचा फोन संपला तरी दोघांपैकी कुणाला घाई नसायची... कलमं, खत, आणि मग काहीबाही.

सभा रविवारी दुपारी तीनला भरली. एक्केचाळीस सभासद हजर होते. ब्रोडरसनबाईंनी अध्यक्षपदासाठी विबकेचं नाव सुचवलं. लगेच उवे येसननेही आपलं नाव पुढे केलं. शेजाऱ्याचं कुंपण वीतभर उंच झालं म्हणून कोर्टात गेलेला हा माणूस. हरला तर खुसपट काढणार, हे सगळे जाणून होते.

आता अधिकाऱ्याने एक वाक्य म्हणायचं होतं, की दोन्ही उमेदवारांबाबत मी निष्पक्ष आहे. विबके इतिवृत्त लिहायला बसली होती.

त्यार्कने हातातला कागद बाजूला ठेवला.

"मी... हे म्हणू शकत नाही. मला मोकळं करा."

विबकेची बोटं थांबली. "कारण? इतिवृत्तात लिहावं लागेल."

"एका उमेदवाराबाबत मी निष्पक्ष नाही."

"कोणत्या?" उवे गुरगुरला.

"तुमच्याबाबत अगदी निष्पक्ष आहे हो, येसन."

त्याचे कान लाल झालेले पडद्यावरही दिसले. ब्रोडरसनबाईंनी टाळी वाजवली. "एवढं स्पष्ट आमच्या ह्यांना कधी जमलं नाही!"

"ऐकतोय मी," दुसऱ्या खोलीतून म्हातारे ब्रोडरसन म्हणाले. "आणि मतदान मी घेतो. बटणं मला येतात. माझं कुणाशी काही नाही. बायकोचं असेल तर ते तिचं."

कुणीच हरकत घेतली नाही. गुप्त मतदान झालं. विबकेला तेवीस, उवेला सतरा, एक तटस्थ.

"येसन, काही आक्षेप?" ब्रोडरसननी विचारलं.

उवेने नोटीस वरपासून खालपर्यंत वाचली.

"नाही," तो नाखुशीने म्हणाला. "पक्षपाती अधिकारी राहिला असता, तर सोडलं नसतं."

पडद्यावरची एकेक चौकट विझत गेली. दोनच उरल्या.

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं नसतं," विबके म्हणाली.

"उन्हाळ्यात आपल्याला एकत्र बघून येसनला कळलं असतं."

"एकत्र? इतकं धरून चाललात?"

"आशा होती... जास्त झाली का?"

ती टाइप करत राहिली, आणि मग सावकाश वाचून दाखवलं — "लोरेन्सन यांनी एका उमेदवारावर प्रेम असल्यामुळे अधिकारीपद सोडलं."

"मी 'प्रेम' म्हटलं नव्हतं."

"मग खोडू?"

"नको," तो घाईने म्हणाला. "राहू दे. खरं आहे."

विबकेने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, आणि बोटांच्या फटीतून हसली.

"पण त्यार्क, माझं काय, ते यात नाही आलं. चहा टाकते. ये, म्हणजे सांगते तुला."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. पडद्यावर नुसती भिंत उरली होती. सभेतून बाहेर पडायचंही तो विसरला होता.