खाऱ्या टाकीतलं तण

"वरून साळसूद चेहरा अन् आतून जहर!" बाबाराव ओरडले आणि सुनेची बॅग त्यांनी अंगणात भिरकावली. "तुह्या बापाले उमरखेडहून बोलावलं हाये. येऊ दे. आजच घेऊन जाईल तो तुले."

समीक्षा जागची हलली नाही. तिचं लक्ष फाटकाकडे होतं. सकाळी तिने फोन करून बोलावलेल्या बेबीताई तिथून आत येत होत्या. त्या पूर्वी पोलिसात होत्या; आता आर्णीत खासगी तपास करत. मागोमाग मोटारसायकल लावून उत्तमसिंग आले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. ताईंची गाडी ते चालवत आणि निष्कर्ष बहुधा चुकीचा काढत.

"तुमी कोन?" बाबाराव गुरगुरले.

"तुमच्या सुनेनं बोलावलेली बाई. टाकी दाखवा."

माशांची ती काचेची टाकी बैठकीत होती. बाबारावांचा मुलगा नयन जहाजावर नोकरीला. मागच्या सुटीत त्याने ती उभी केली होती. खारं पाणी, जिवंत प्रवाळ. आता प्रवाळ पांढरे पडले होते आणि दगडादगडावर तपकिरी, झालरीची समुद्रफुलं दाटली होती. दोन केशरी मासे मात्र खुशाल फिरत होते.

"याले एप्टेशिया म्हनतात," समीक्षा म्हणाली. "दगडासंगं लपून येते अन् डंख मारून प्रवाळ मारते. नयन गेले तवा चारच होती. तोडायचं नाही, जागच्या जागी मारायचं, असं सांगून गेलते ते. मी एकेक मारून राह्यली होती. मंग भावाच्या लग्नाले माहेरी गेली. वापस आली तं हे रान!"

"कायनं मारून राह्यलती, ते सांग ना!" बाबारावांनी टेबलावर सिरिंज आपटली. तळाशी पांढरा साका होता. "हिच्या कपाटात सापडली. फवारणीचं औषध! पान्यात हात घातला तं आग होते, इतकं जहर टाकलं हिनं."

"केस खतम, ताई," उत्तमसिंग पुटपुटले.

"तिकीट फाडल्यासारखा निकाल नका फाडू, भाऊ."

घरकाम करणारी जमनी दारात उभी होती. ताईंनी तिला जवळ बोलावलं. "टाकीत हात घालतेस?"

"नाही वो बाई. म्या भायेरून काच पुसतो फक्त. आत हात घालाचा नाही, भैयानं बजावलं होतं."

"हात दाखव. समीक्षा, तुहेही."

दोघींचे हात कोपरापर्यंत स्वच्छ होते.

"माह्यावर बी शक का?" जमनी फणकारली.

"सगळ्याइवर हाये. बाबाराव, तुमी कधी हात लावला टाकीले?"

"मी? म्या वावर पाहावं का मासे?" मे महिन्याच्या उकाड्यात त्यांच्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणबंद होत्या.

उत्तमसिंग खुर्चीवर टेकले आणि उसळून उठले. "अरे बाप्पा! खुरपं इथं कोनं ठेवलं? वावरात तं सध्या ढेकळं हायेत." खुरप्यावर ताजा तांबूस गंज होता, मुठीवर पांढरी पूड. ताईंनी पूड जिभेला लावली.

"जमनी, हळद आन."

सिरिंजमध्ये चिमूटभर हळद पडली आणि साका कुंकवासारखा लाल झाला.

"चुना," ताई म्हणाल्या. "औषध नाही. चुना टोचला की हे फूल जागीच मरते. अन् पान्यात जहर असतं तं मासे पह्यले उलटे झाले असते."

"मंग आग काहून होते?" बाबाराव तडकले.

"तेच इचारतो. टाकीले हात न लावनाऱ्याले आग कशी कळली? बाही वर करा."

बाबारावांनी हात पाठीमागे नेला. ताईंनी स्वतः बटण काढलं. मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे.

"हा फुलाइचा डंख. सून माहेरी गेली, अन् तुमी खुरपं घेऊन टाकी निंदली. मुठीवर मीठ हाये. पेरनी नाही, निंदन नाही, अन् खुरप्यावर ताजा गंज!"

"पन निंदलं तं तण कमी होते ना?" उत्तमसिंग गोंधळले.

"वावरात. उपटून टाकलेलं उन्हात वाळते. पान्यात कुठलं ऊन, भाऊ? तुटला तुकडा दुसऱ्या दगडाले धरला अन् त्याचं नवं फूल झालं. चाराचं रान असं झालं."

बाबारावांचा आवाज घसरला. "पोरगा येनार होता. म्हनलं, साफ दिसावं. हात भाजला तं वाटलं, हिनंच काही टाकलं."

"मंग तवाच काहून नाही बोलले? पोराचं ऐकलं नाही हे उघडं पडलं असतं म्हून? निंदली ती चूक होती. सुनेचं कपाट उचकटलं ती लबाडी."

"झालं ते झालं," बाबाराव समीक्षाकडे न पाहता म्हणाले. "चाल, आत चाल. घरातली गोष्ट घरात राहू दे."

"अंगनात वरडले तवा घरातली नव्हती, मामाजी?"

फाटक वाजलं. समीक्षाचे वडील घामाघूम आत आले. शेजारची दोन माणसं कुंपणाशी थबकली.

"काय केलं हो माह्या पोरीनं?"

बाबारावांनी सुनेकडे पाहिलं. मग बेबीताईंकडे.

"तिनं नाही," ते शेवटी म्हणाले.

"मंग कोनं?"

"जोरानं सांगा, मामाजी," समीक्षा म्हणाली. "कुंपनापोतर ऐकू गेलं पाह्यजे."