"बघते" म्हणणारी

किल्ली पायजे? मिळंल की. आधी बसा दोघं. च्या घ्या. तुमची रिअ‍ॅक्शन काय पळून जात न्हाय. बी.एस्सी. करता करता युनिव्हर्सिटीनं रिसर्चला घेतलंय म्हणून लई हवेत हाय तुमी. केमिस्ट्रीच्या लॅबचं दार उघडण्यात माझी सारी नोकरी सरली, तुमच्यासारखी शंभर बघितली मी. अभिमन्यू, मोबाइल ठेव खाली. ऐकायचं तर नीट ऐक, न्हायतर ऊठ.

माझ्या मावसभावाचा पोरगा, इंद्रजीत. मंद्रूपचा. ह्याच लॅबमधी मॅडमच्या हाताखाली रिसर्च करायचा. तुमच्याच वयाचा, आन् तुमच्यापेक्षा जास्त शाना.

त्याच्या आधी त्या कामावर बार्शीची ऋतुजा हुती. मॅडमनी पयली तिलाच घेतली. एक पांढरी पावडर तयार करायची, एवढंच काम. पोरगी वर्सभर खपली. दर खेपेला निघायचं काळं डांबर. दिवाळीत तिला डेंगू झाला, गेली बिचारी. मग काम आलं ह्याच्याकडं. मॅडमनी बजावलं, कामाची म्हायती छापून भिंतीवर लावायच्या पोस्टरवर दोगांची नावं घाल, पयलं तिचं. त्या उन्हाळ्यात बंगळुरूला रिसर्चला जायची जागा मिळणार हुती पोस्टरवरच्या पयल्या नावाला. ह्या बहाद्दरानं तिचं नावच काढून टाकलं. मी इचारलं, तर म्हणतो कसा, "काका, मेलेली पोरगी बंगळुरूला जाणार हाय का?" तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

आता लॅबची रीत तुमाला म्हाईत हाय. रिअ‍ॅक्शन तापत असली की सोडून जायचं न्हाय. जेवायला जायचं तर शेजारच्याला म्हणायचं, "माझी बघ." त्यो "बघतो" म्हणला की जबाबदारी त्याची. आपण परत येऊन "घेतली" म्हणत न्हाय तवर त्यानं जाग्यावरनं हलायचं न्हाय.

दोन वर्सांमागं, रंगपंचमीच्या आदल्या राती. शुक्रवार हुता. हॉस्टेल रिकामं, पोरं रंग खेळाया गावाकडं गेलेली. सोमवारी पोस्टर लागणार. पावडर निघाली असं पोस्टरवर आधीच छापून बसलेला ह्यो, निघाली मात्र न्हवती. ती वाळायलाच दोन दिस लागत्यात. म्हणून त्या राती एकटाच लॅबमधी गेला. धूर ओढून घेणारं काचेचं कपाट असतंय न्हवं, हूड म्हणत्यात त्याला, त्यात चंबू तापत ठेवला. साडेधाच्या सुमाराला पोटात कावळे वरडाय लागले. शेजारच्या टेबलावर रोज अंकिता असायची. ती त्या दिवशी अक्कलकोटला, घरी. पण सवय कुटं जाती? ह्यानं दिवा मालवला, दाराकडं वळला आन् मागं न बघता म्हणला, "माझी बघ गं."

"बघते."

...

अंधारातनं आलं.

त्यानं दिवा लावला. कुणी न्हाय. टेबलं, बाटल्या, चंबू. बास.

"भास झाला असंल, बापू."

असंल की, अभिमन्यू. तू हुतास का तितं? मग गप बस.

पळावंसं वाटलं त्याला. त्यानंच सांगितलंय मला. पण चंबू तापलेला. पावडर न्हाय तर बंगळुरू न्हाय. म्हणून दारातच उभा ऱ्हायला. म्हणला, "घेतली."

परत म्हणला, जरा मोठ्यानं.

"घेतली गं... जा आता."

"कुणाची?"

हूडजवळनं आला आवाज. मोठा न्हाय. पण राग असा, की ह्याच्या अंगावर काटा आला.

"माझी."

चंबूतलं उकळणं थांबलं. खालची शेगडी चालूच. उकळणं बंद.

"कुणाची?"

तिला काय वदवून घ्यायचंय ते कळलं त्याला. एक नाव घ्यायचं, सुटायचं. पण ते तोंडातनं काढलं की जागा तिची. आन् तरी ह्याचा हट्ट बघा.

"माझी," म्हणला. "तू मेलीस."

...

दिवा गेला.

हूडची काच सरकली. सावकाश. वर.

ह्यो पुढं झाला. काच खाली वढायला. दोनी हात आत.

फुटला चंबू.

वॉचमन वरडणं ऐकून पळत आला. ह्याला बाहेर वढला, दार बंद केलं, कुलूप घातलं आन् रिक्षात घालून दवाखान्यात नेला. जीव वाचला. हात न्हाय वाचले म्हणायचे, बोटं अजून पुरी मिटत न्हाईत. आता श्रीपूरला कारखान्यात वजनकाट्यावर बसतो. केमिस्ट्रीचं नाव काढलं की ताटावरनं उठतो. बंगळुरूला कोण गेलं ते मला इचारू नका. आमच्या हितनं कुणीच गेलं न्हाय.

सकाळी मॅडम आल्या, मी कुलूप काढलं. फरशीवर काचा, भिंतीवर डांबराचे शिंतोडे. मॅडम दारातच थांबल्या. मी झाडू घेतला. झाडत झाडत अंकिताच्या टेबलापाशी आलो, तर वर काचेची बशी. बशीत पांढरी पावडर. वाळून कोरडी ठक्क. मॅडमनी मशिनवर लावून बघितली. तीच. त्याच्या आधी कुणाला निघाली न्हवती, आन् त्या दिवसापास्नं कुणाला निघाली न्हाय.

पावडरीच्या मधोमध बोट टेकल्याचा ठसा हुता. वाळली का न्हाय, ते हळूच टेकवून बघत्यात तसा. बारीक बोट, पोरीचं. इंद्रजीतच्या हाताला तवा कोपरापातुर बँडेज हुतं.