तुटक्या भुवईचं बाळ

"आजच्या चौथ्या पानाची प्रुफं कोणी तपासली?" फोनमधून संपादकांचा आवाज अंगावर आला.

"मी," प्रूफवाल्या बाई म्हणाल्या.

"'आमचा गोळा' बघितलात, की डोळे मिटून सही ठोकलीत?"

बाईंनी पान उघडलं. 'आमचा गोळा' ही त्यांच्या दैनिकातली रोजची चित्रपट्टी. रांगणारं बाळ, वैतागलेले बाबा, राबणारी आई, चोंबडी ताई. इतक्या वर्षांत गोळा ना कधी उभा राहिला होता, ना बोलला होता. गेल्याच महिन्यात त्याच्या पंचविशीची खास पुरवणी निघाली होती.

आज पहिल्या चौकटीत गोळा खुर्ची धरून उभा राहिला होता. दुसरीत टेबलावर डोकं टेकून झोपलेल्या बाबांपर्यंत चालत गेला होता. तिसरीत त्यानं शाईची बाटली बाबांच्या डोक्यावर उपडी केली होती आणि तो म्हणत होता, "आता पुरे."

"मला वाटलं, चित्रकारांनीच काढलंय."

"ते म्हणतात, शाई भरणाऱ्या माणसाचं काम आहे. उद्याच्या अंकात त्याचं नाव छापायला सांगताहेत. छापलं, की या धंद्यात त्याला कोणी दारात उभं करणार नाही. तुम्ही पास केलंत, आता तुम्हीच खात्री करून या. चारपर्यंत."

चित्रकाराच्या घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना होता. तिरपं टेबल, बोरूंचे डबे, भिंतीवर चौकटीतला गोळा: दीड केस, फुगलेले गाल, मधोमध तुटलेली एक भुवई.

"माझी रेघ घेणारा हात जगात एकच आहे." चित्रकारानं खिडकीकडे बोट केलं. "वीस वर्षं माझ्या पेन्सिलीवर शाई फिरवली. आता मलाच काळं फासतोय."

खिडकीपाशी शाईकाका निबा पुसत बसले होते. घरातले सगळे त्यांना शाईकाकाच म्हणत.

"तुम्ही काढलंत?" बाईंनी विचारलं.

"ते म्हणतात ना."

"मी तुम्हाला विचारतेय."

"शनिवारी पुढच्या आठवड्याच्या सात पट्ट्या पाकिटात घातल्या. शाई ओली होती म्हणून चिकटवलं नाही. दाराशी ठेवलं आणि साडेअकराला घरी गेलो. बास."

बाईंनी छापलेली पट्टी पुढे धरली. "ही रेघ ओळखता?"

शाईकाका बघत राहिले. गरजेपेक्षा जास्त वेळ.

"नाही."

"तुमच्या हाताखाली कोणी शिकलंय?"

त्यांनी आधीच बंद असलेल्या बाटलीचं झाकण आणखी आवळलं.

चित्रकाराचा मुलगा आतून आला. पाकीट ऑफिसात पोचवण्याचं काम त्याचं.

"मी एक वाजता उचललं. आत बघितलं नाही. त्या गोळ्याचं तोंडही बघावंसं वाटत नाही मला."

"का?"

"सगळं गाव मला गोळ्या म्हणतं. एकविसावं लागलं, तरी कोणीही गाल ओढतं. बाबा सगळ्यांना सांगत सुटतात ना, की हाच तो!"

"म्हणजे शाई तूच ओतलीस?"

"ओतायची असती, तर कागदावर कशाला ओतली असती?"

"कार्ट्या!" चित्रकार ओरडला. "तुझ्या नशिबानं प्रसिद्धी मिळाली!"

"तुमच्या, बाबा. तुमच्या."

एवढ्यात चित्रकाराची मुलगी कडेवर नऊ महिन्यांची लेक घेऊन आली. घरात सगळे तिला ताईच म्हणत. ती दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि कामावर जाताना लेकीला आईकडे सोडायची.

"शनिवारी किती वाजता आलात?" बाईंनी विचारलं.

"बाराला. हिला न्यायला."

"दाराशी पाकीट होतं?"

"असेल. मी तिकडे बघत नाही. दहा वर्षांत ती पट्टी वाचलेली नाही मी."

"हिला काय विचारता?" चित्रकार म्हणाला. "हिला सरळ रेघ ओढता येत नाही."

ताई हसली, पण फक्त ओठांनी. कडेवरच्या पोरीनं तिच्या कपाळावरची बट मुठीत धरून ओढली. ताईनं मूठ सोडवली आणि बट घाईघाईनं भुवईवर घेतली.

बाईंनी कालची पट्टी आजच्या पट्टीशेजारी मांडली. दोन्हींत गोळा समोर बघत होता. कालच्या गोळ्याची तुटकी भुवई कागदाच्या उजव्या अंगाला होती. आजच्याची डाव्या.

चाराला दहा मिनिटं होती.

"हे शाईकाकांनी काढलेलं नाही," बाई म्हणाल्या. "वीस वर्षं रोज जी भुवई भरली, ती त्यांचा हात झोपेतसुद्धा चुकवणार नाही. पट्टी समोर ठेवून नक्कल करणाराही चुकणार नाही. चुकेल फक्त पट्टी न बघता काढणारा."

"मग बघून काय काढलं?" मुलानं विचारलं.

"आरसा. माझ्या डाव्या भुवईवर खूण असली, तर समोरच्या माणसाला ती त्याच्या उजव्या हाताला दिसते. मला आरशात दिसते माझ्या डाव्या हाताला. वडिलांनी बाळाला समोरून बघून काढलं. आज ते बाळच आरशासमोर बसलं."

"बाळ तर हा!" चित्रकारानं मुलाकडे हात केला.

"गोळा पंचवीस वर्षांचा आहे. तुमचा मुलगा एकविसाचा. गोळा छापून येऊ लागला, तेव्हा तुमच्या घरात एकच बाळ होतं. ताई, बट बाजूला करा."

ताईनं स्वतःहूनच केली. डावी भुवई मधोमध तुटलेली होती.

"नऊ महिन्यांची असताना पाळण्यातून पडले," ती म्हणाली. "यांनी त्याचा विनोद केला. खोड्या माझ्या, चड्डी मुलाची. आणि मी कोण? शेजारी मार खाणारी चोंबडी ताई!"

लेकीच्या पिशवीतून तिनं घडी केलेला कागद काढला. शनिवारी पाकिटातून काढून घेतलेली खरी पट्टी. त्यात गोळा दह्याची वाटी डोक्यावर ओतत होता.

"गेल्या आठवड्यात हे हिनं केलं. आईनं कौतुकानं सांगितलं आणि यांनी लगेच खपवलं. वाचत नव्हते तोवर बरं होतं. महिनाभर दर शनिवारी पाकीट उघडून बघायचे, हिचं काही उचललंय का म्हणून. माझी पट्टी तयारच ठेवली होती."

"मुलीच्या खोड्यांना कोण हसलं असतं?" चित्रकार कडाडला. "त्याच गोळ्यावर तुझं पोट भरलंय!"

"लिहा माझं नाव," ताई बाईंना म्हणाली. "काकांचं नको. त्यांच्यावर येईल असं मनातही नव्हतं. आज सांगायलाच आले होते, पण यांचं तोंड बघितलं आणि जीभ उचलेना."

शाईकाका पहिल्यांदाच उठले. "रेघ मी बघताक्षणी ओळखली. मीच शिकवली होती, हे दुपारी झोपायचे तेव्हा."

बाईंनी संपादकांना फोन लावला. "शाईवाल्यांचं नाव काढा."

"मग कोणाचं घालू?"

बाईंनी फोन चित्रकारापुढे धरला. "नाव सांगा. कारणही छापावं लागेल."

चित्रकारानं फोनकडे पाहिलं, मग मुलीकडे. फोन घेतला नाही. "कोणाचंच नको," तो दातांतून म्हणाला आणि शाईकाकांवर घसरला, "बघतोस काय? पुढच्या आठवड्याचं काम पडलंय. बस!"

"बसतो," शाईकाका उभ्याउभ्याच म्हणाले. "आधी सांगा. मुलगा काढू, की मुलगी?"

चित्रकाराची बायको स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली आणि तिनं ताईच्या कडेवरची नात आपल्याकडे घेतली.

"फ्रॉक काढा, भावोजी," ती म्हणाली. "आणि भुवया दोन्ही नीट काढा."